गोदावरीचा गाळ आणि अंदमानचे तिरपे थर



सहावीच्या भूगोलात 'खडक व खडकांचे प्रकार' शिकवताना स्तरित खडकाची व्याख्या मुलं एका दिवसात पाठ करतात. गाळाचे थर एकावर एक साचतात, वरच्या थरांचा दाब पडतो आणि खडक तयार होतो. व्याख्या बरोबरच आहे. पण लातूर-नांदेडच्या मुलाला असा खडक दाखवायचा कुठं? विहीर खणा, रस्ता फोडा, बहुतेक ठिकाणी काळा दगडच निघतो. देगलूर-बिलोलीकडं गेलं तर ग्रॅनाइट लागतो. तोही अग्निजन्यच.

त्यात एक घोटाळा दरवर्षी होतो. बालाघाटच्या डोंगराला पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. हुशार मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, हे बघा थर, म्हणजे हा स्तरित खडक." हे थर खरेच आहेत, पण ते लाव्हाचे आहेत. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला. दोन लाव्हांच्या मध्ये कुठं कुठं लाल पट्टा दिसतो. तिथं मधल्या काळात दगड कुजून माती झाली होती, आणि तिच्यावर पुढचा लाव्हा आला. म्हणजे नुसते थर दिसले म्हणून खडक स्तरित होत नाही. थर कशाचा आहे आणि तो कसा आला, हे आधी विचारायचं.

गाळाचा थर बघायचा तर नदीवर जावं लागतं. नांदेडच्या गोवर्धन घाटावर पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर जो चिखल राहतो, तो म्हणजे कोवळा थर. वाळल्यावर त्याची खपली काढून कड बघा. खाली जाडसर कण, वर पिठासारखी बारीक माती. असं का होतं, ते काचेच्या बरणीत सहज दाखवता येतं. बरणीत मूठभर खडे, मूठभर वाळू, मूठभर शेतातली काळी माती टाकायची, पाणी भरायचं, झाकण लावून जोरात हलवायची आणि टेबलावर ठेवून द्यायची. खडे लगेच तळाला जातात, वाळू त्यांच्यावर बसते. काळी माती मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. पाण्याला जोर असतो तोवर मोठा कण वाहतो, जोर कमी झाला की आधी तो खाली बसतो, बारीक कण सर्वात शेवटी. एक पूर, एक थर, खाली जाड आणि वर बारीक. एवढं एक सूत्र लक्षात ठेवा. पुढं समुद्राच्या तळाशी हेच सूत्र कामाला येणार आहे.

आता आपल्या मातीचा प्रवास बघू. किल्लारीच्या शिवारातली माती पावसानं धुपली की तेरणेत जाते. तेरणा मांजरेला मिळते. मांजरा पुढं कंदकुर्तीला गोदावरीत येते आणि नांदेडहून आलेली गोदावरी तिला घेऊन तेलंगणात शिरते. वाटेत श्रीरामसागर धरण आहे. खूपसा गाळ तिथंच बसतो, कारण धरण म्हणजे एक मोठी बरणीच. जायकवाडी, विष्णुपुरी, मांजरा, सगळ्या धरणांचं हेच. (२०१७ पासून शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली. तिच्यात शेतकरी ट्रॅक्टर भरभरून जो गाळ शेतात नेतात, तो समुद्राकडं निघालेला आणि वाटेत अडकलेला गाळ असतो. शेतकऱ्याचं भलं होतं, धरणाचंही होतं. समुद्राकाठच्या त्रिभुज प्रदेशाला मात्र तितका गाळ कमी मिळतो, हेही वर्गात सांगायला हरकत नाही.)

जो गाळ सुटतो तो राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात पोचतो. त्र्यंबकेश्वरपासून समुद्रापर्यंत गोदावरीची लांबी १४६५ किलोमीटर. नदीचं पाणी समुद्राला भिडलं की त्याचा जोर संपतो. वाळू किनाऱ्याजवळ पडते आणि चिखल आत जातो. आठवीच्या 'सागरतळरचना' पाठात भूखंडमंच, खंडान्त उतार, सागरी मैदान हे शब्द आहेत ना, तीच ही वाट. भूखंडमंचावर गाळ साचत राहतो. तो फार झाला की उतारावरून घसरतो आणि सागरी मैदानावर जाऊन पसरतो.

गोदावरीच्या मुखाजवळचा किनारा शांत आहे. तिथं जमीन आणि समुद्राचा तळ एकाच भूपट्टावर आहेत. दोघं एकत्रच सरकतात, म्हणून त्यांच्यात धडक नाही. कोट्यवधी वर्षं थर साचत गेले, वजनानं तळ हळूहळू खचत गेला आणि वर आणखी थर बसले. अशा ठिकाणी थर बरेचसे आडवे राहतात, खालचा जुना आणि वरचा नवा. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला नैसर्गिक वायू अशाच जाड थरांत सापडलेला आहे.

इथपर्यंत आपल्या व्याख्येत काही बिघडत नाही. पण त्याच बंगालच्या उपसागराच्या पलीकडच्या काठाला, अंदमान-निकोबारला गेलो की व्याख्या अपुरी पडायला लागते.

पोर्ट ब्लेअरजवळ कॉर्बिन्स कोव्ह नावाचा किनारा आहे, पर्यटक पोहायला जातात तो. तिथल्या खडकात वाळूचा थर, चिखलाचा थर, परत वाळूचा, परत चिखलाचा, असे पट्टे दिसतात. पण ते आडवे नाहीत. तिरपे आहेत, काही ठिकाणी जवळजवळ उभे, कुठं घडी पडलेले, कुठं तुटलेले. भूशास्त्रज्ञ या खडकाला 'अंदमान फ्लिश' म्हणतात. हे थर खोल समुद्राच्या तळाशी साचले होते. मग ते बेटावर कसे आले, आणि तिरपे कोणी केले?

कारण असं की तिथं भारतीय भूपट्टाचा समुद्राखालचा भाग पूर्वेकडच्या भूपट्टाखाली शिरतोय. अंदमानच्या पश्चिमेला समुद्रात जी गर्ता आहे, ती या शिरण्याची जागा. वेग वर्षाला काही सेंटीमीटर, तोही सरळ नाही, तिरका. आता खाली शिरणाऱ्या भूपट्टाच्या पाठीवर काय आहे? गाळ. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी साधारण १०० कोटी टन गाळ या उपसागराकडं आणतात. त्याचा पंखा समुद्रतळावर सुमारे ३००० किलोमीटर दक्षिणेपर्यंत पसरलाय. जगातला सर्वात मोठा समुद्राखालचा पंखा तो. आपल्या गोदावरीचा वाटा त्यापुढं लहानच.

हा मऊ गाळ भूपट्टाबरोबर सगळा खाली जात नाही. वखर चालताना बघा. पास जमिनीत जरा खाली असते, वखर पुढं जातो आणि पासेपुढं ढेकळं, धसकटं, काडीकचरा साठत साठत ढीग होतो. ढीग फार झाला की शेतकरी वखर उचलून तो झाडतो. अंदमानला हा वखर उचलणारं कोणी नाही. वरचा भूपट्ट म्हणजे पास, खालचा भूपट्ट म्हणजे सरकणारं शेत. गाळ खरवडला जातो, पासेपुढं साठतो, नवा गाळ जुन्याच्या खाली ढकलला जातो, आधीचा थर वर उचलला जाऊन तिरपा होतो. लाखो वर्षं हे चाललं की समुद्राखाली पाचरीच्या आकाराचा डोंगर उभा राहतो. त्याचा माथा पाण्याबाहेर आला की आपण त्याला बेट म्हणतो. अंदमानची बेटं बऱ्याच अंशी अशीच वर आलेली आहेत. त्यात फक्त गाळ नाही, खरवडताना समुद्रतळाच्या कठीण खडकाचे तुकडेही वर आलेत.

वर्गात हे करून बघायला खर्च नाही. लांबट पारदर्शक डबा घ्या, बिस्किटांचा असला तरी चालेल. एका बाजूला तळाशी बारीक फट कापा. तळावर कागदाची लांब पट्टी अंथरा, तिचं टोक फटीतून बाहेर काढा. पट्टीवर रव्याचा पातळ थर द्या, त्यावर हळद मिसळलेल्या रव्याचा, परत पांढरा, परत पिवळा. आता बाहेरचं टोक अगदी सावकाश ओढा. पट्टी फटीतून निघून जाते, रवा मात्र डब्याच्या भिंतीशी अडतो. आधी फुगवटा येतो, मग घडी पडते, मग एक थर तुटून दुसऱ्यावर चढतो. बाजूनं बघितलं की पांढरा-पिवळा-पांढरा-पिवळा अशी रांग दोनदा दिसते. इथं मुलांना विचारा, "सर्वात खालचा थर सर्वात जुना, हा नियम इथं लावायचा का?" थर तुटून चढला असेल तर जुना वर आणि नवा खाली असू शकतो. म्हणून अशा किनाऱ्यावर भूशास्त्रज्ञ नुसती वर-खाली जागा बघत नाहीत. प्रत्येक थरातले सूक्ष्म जीवाश्म बघतात, आणि कण खाली जाड-वर बारीक आहेत की उलटे, हेही तपासतात. आपलं बरणीचं सूत्र! थरात बारीक कण खाली आणि जाड वर दिसले, तर तो थर उलटा झालाय.

दाबल्या गेलेल्या या गाळात पाणी आणि वायू कोंडलेले असतात. वाट मिळेल तिथून ते चिखल घेऊन वर येतात. अंदमानच्या बाराटांग बेटावर असे चिखलाचे ज्वालामुखी आहेत, बुडबुडे येतात आणि राखाडी चिखल ओघळतो. खरा ज्वालामुखी त्याच्या पूर्वेला, बॅरन बेटावर. तो बराच काळ शांत होता, १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. त्याची राख उडून समुद्रात पडते आणि तिचाही थर होतो. पाचरीचा डोंगर आणि ज्वालामुखींची रांग यांच्या मधल्या खोलगट भागात तर सगळंच येऊन पडतं. डोंगरावरून घसरलेला चिखल, राख, वर राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचं. शांत किनाऱ्यापेक्षा इथली खिचडी फार वेगळी.

आता यातला सर्वात महत्त्वाचा भाग. असा किनारा स्वतःच्या भूकंपांची नोंद ठेवतो.

समुद्राखालच्या उतारावर गाळ साचलेला असतो. एरवी तो सावकाश वाढतो. किनाऱ्यापासून फार दूर खोल समुद्रात तर हजार वर्षांत काही मिलिमीटर. भूकंप झाला की उतार हादरतो, गाळ सुटतो आणि पाण्यात मिसळून गढूळ लोंढा होऊन खाली धावतो. हा लोंढा किती जोराचा असतो ते १९२९ मध्ये कळलं, म्हणजे पूर्ण उलगडलं नंतर. न्यूफाउंडलंडजवळ समुद्रात भूकंप झाला आणि तळावर टाकलेल्या तारयंत्राच्या केबल एकापाठोपाठ एक तुटत गेल्या, उताराच्या वरच्या आधी, खालच्या नंतर. लोंढा ज्या क्रमानं खाली गेला त्या क्रमानं. सागरी मैदानावर पोचून तो थांबला की परत तेच, जाड कण आधी, बारीक नंतर. एक हादरा, एक थर.

पण लोंढा वादळानंही सुटू शकतो. मग हा थर भूकंपाचाच, हे ओळखायचं कसं? याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते संगमावर शोधलंय. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, ओरेगन-वॉशिंग्टनकडं, अंदमानसारखाच एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो. तिथं समुद्राच्या तळाशी दऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना मिळतात. तळात लांब नळ्या खुपसून थर जसेच्या तसे वर काढले. त्यात माझामा ज्वालामुखीची राख सापडली, साधारण ७७०० वर्षांपूर्वीची. राखेच्या वर लोंढ्याचे थर मोजले, १३ निघाले. दुसऱ्या दरीतही १३.

आता कंदकुर्तीचा संगम डोळ्यापुढं आणा. समजा मांजरेला १३ पूर आले आणि गोदावरीला १३. ते वेगवेगळ्या वेळी आले असतील, तर संगमाच्या खाली २६ थर साचायला हवेत. दोन्ही नद्यांना दर वेळी एकदमच पूर आले असतील, तर खाली १३ जाड थर दिसतील. त्या समुद्रातल्या संगमाखाली १३ च निघाले. दूरदूरच्या दऱ्यांत एकाच वेळी लोंढे सोडणारं काय असेल? सगळा किनारा एकदम हलवणारा मोठा भूकंप. १९९० मध्ये जॉन ॲडम्स यांनी ही मांडणी केली. पुढच्या संशोधकांनी हिशेब मागं नेला आणि सुमारे १०,००० वर्षांत तिथं १९ अतिमोठे भूकंप मोजले. त्यातला शेवटचा २६ जानेवारी १७०० चा. तारीख इतकी नेमकी कशी? त्या लाटा समुद्र ओलांडून जपानला पोचल्या आणि भूकंप न जाणवता लाटा आल्याची नोंद तिथल्या लोकांनी करून ठेवली होती. ओरेगनमध्ये आज शाळांच्या इमारती बळकट करतात, त्यामागं हा मातीतला हिशेब आहे.

अंदमानच्या बाजूला आपल्याला हे फार महागात कळलं. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांबीचा भाग फाटला, तीव्रता ९.१. ज्याला आपण 'पास' म्हटलं ती एकदम झटक्यानं सुटली. निकोबारच्या टोकाचं इंदिरा पॉइंट सुमारे सव्वाचार मीटर खचलं, दीपगृहाच्या पायथ्याशी पाणी आलं. पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर उलट झालं, जमीन वर आली आणि समुद्रातली प्रवाळं उघडी पडून मेली. दर मोठ्या भूकंपात कुठं उचल, कुठं खच. पाचर अशीच वाढते. आणि लाटांनी किनाऱ्यावर वाळूची चादर अंथरली. हिंदी महासागराच्या काठचे सव्वादोन लाखांहून जास्त लोक गेले. अशी लाट पूर्वी कधी आली होती, हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

नंतर थायलंडच्या फ्रा थाँग बेटावर संशोधकांनी सखल दलदलीत खड्डे घेतले. वर २००४ ची वाळू. तिच्याखाली काळी माती. आणि तिच्याखाली परत तशीच वाळूची चादर! त्यावरून काढलेलं वय साधारण ५५० ते ७०० वर्षं. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे लाट पूर्वीही आली होती. इतक्या वर्षांत माणसं ती विसरली, पण मातीत ती होती. कोणी खणून बघितलं नव्हतं एवढंच.

हे शिकवलं की आपल्या भागातलं मूल हमखास विचारतं, "मग आपल्या किल्लारीचं काय?" २१ मार्च २०२४ ला हिंगोली-नांदेडकडं सकाळी धक्के बसले, जुलैत परत बसला, त्यामुळं हा प्रश्न लहान मुलांनाही पडतो. टाळू नका. किल्लारी कुठल्याही भूपट्टाच्या काठावर नाही, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. आपल्याकडं एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात नाही आणि त्सुनामी येण्याचा तर प्रश्नच नाही. पण भारतीय भूपट्ट उत्तरेला आशियाला रेटतोय, त्याचा ताण सगळ्या भूपट्टात असतो आणि आतल्या जुन्या कमकुवत भेगेवर तो कधीतरी मोकळा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तसं झालं. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात लातूर वरच्या, तिसऱ्या विभागात आलं.

नकाशा चुकला, कारण वाचायला काही नव्हतं. अंदमानला किंवा ओरेगनला दर हादऱ्याला एक थर जमा होतो आणि हजारो वर्षांची वही तयार मिळते. आपल्या पायाखाली थिजलेला लाव्हा. त्यावर नवा गाळ साचण्याऐवजी धूपच होते, आणि धुपलेली माती गोदावरी घेऊन जाते. जिथं साचत नाही तिथं नोंद राहत नाही. म्हणून आपल्याकडं घर बांधताना भिंती बांधून घेणारे काँक्रीटचे पट्टे घालायचे, हे १९९३ चा अनुभव बघून करावं लागतं. तिकडं ते थर बघून करता येतं.

भूकंपानंतर किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर घेतला. सुमारे ३३८ मीटरपर्यंत लाव्हाचेच थर लागले. सर्वात खाली अतिशय जुना कठीण खडक. आणि दोघांच्या मध्ये, जेमतेम ८ मीटर जाडीचा, गाळाचा एक थर. लाव्हा येण्याआधी इथं जी उघडी जमीन होती, तिच्यावर साचलेला. सहावीच्या मुलांना स्तरित खडक दाखवायला आपल्याजवळ आहे तो एवढाच, किल्लारीच्या खाली ३३८ मीटरवर.